मागून येणारा श्वास

कर्नाळ्याच्या किल्ल्यावर कॉलेजची सहल गेली होती आणि अर्ध्या वाटेत माझा दम असा काही उखडला की एका दगडावर बसून राहावं लागलं. मी तेव्हा पनवेलमध्ये रसायनशास्त्र शिकवत होते, चाळिशीला टेकले होते. मुली येता-जाता "मॅडम, पाणी देऊ का?" विचारत होत्या आणि त्यांच्या आवाजातली काळजी मला झोंबत होती. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, उद्यापासून मी धावणार. तो न्हावा शेव्याला मालाच्या कागदपत्रांचं काम बघायचा आणि रोज ट्रेलरांच्या रांगेत अडकून वैतागून यायचा. म्हणाला, "धाव. घरातलं एक माणूस तरी पुढे सरकेल."

ही दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. नवीन पनवेलमध्ये तेव्हा सकाळी चालणाऱ्या बायका पुष्कळ दिसत, धावणारी दिसली तर रिक्षावाले मान वळवून बघत. त्यामुळे मी वस्ती टाळायची. आमच्या सेक्टरमधून निघायचं, विचुंबे गाव मागे टाकायचं आणि पुढच्या नव्या रस्त्याला लागायचं. विमानतळ होणार, विमानतळ होणार म्हणून तिकडच्या जमिनी विकल्या गेल्या होत्या. रस्ते आखून डांबरही पडलं होतं. दिव्यांचे खांब उभे होते पण त्यांवर दिवे नव्हते. घर एकही नव्हतं. दोन्ही बाजूंना कमरेइतकं गवत, मधून एक कोरा रस्ता, आणि तो जिथे संपायचा तिथे पुढे फक्त मातीचा ढीग. मला तो रस्ता आवडायचा. तिथे मला बघायला कोणी नव्हतं.

काही महिन्यांत गुडघा धरला. बाहेरच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखं दुखायचं. डॉक्टर म्हणाले, धावणं बंद करा. कॉलेजातल्या एक सहकारी बाई म्हणाल्या, बंद करायच्या आधी जुन्या पनवेलमधल्या योगाच्या बाईंना भेट.

बाई सत्तरीच्या होत्या. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, पाठ अशी ताठ की त्यांच्यासमोर आपोआप आपलीही सरळ व्हायची. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू होत्या. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली एक छोटी डबी होती, आत जाताना त्या तिला बोट लावून ते बोट ओठांना लावत. मुलगा, सून, बहिणी, सगळे इस्रायलला गेलेले. बाई मागे राहिल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत सतरंज्या टाकून वर्ग घेत होत्या. शनिवारी वर्ग नसे. शनिवार त्यांच्या विश्रांतीचा, त्यामुळे तोच माझ्या लांबच्या धावण्याचा झाला.

पहिल्या दिवशी त्यांनी मला नुसतं उभं राहायला सांगितलं. बराच वेळ पायांकडे बघून म्हणाल्या, "तू जमिनीवर उभी नाहीस. जमिनीला घाबरून वर धरून ठेवलंयस स्वतःला. अशी धावलीस तर गुडघा बोलणारच."

मग शिकवणी सुरू झाली. धावायच्या आधी ताडासन आणि टाचा उचलून चालणं. धावून आल्यावर पाठीवर झोपून पायाच्या अंगठ्याला जुनी ओढणी अडकवायची आणि पाय सरळ वर न्यायचा. रडू यायचं इतकं ओढायचं, पण गुडघा हळूहळू निवला. त्यानंतर बाईंनी श्वास हाती घेतला. तोंडाने धापा टाकत धावायचं नाही, श्वास नाकाने, पावलांशी जुळवून, आत जाताना जितका वेळ त्याहून बाहेर पडताना जास्त. "जमणार नाही," मी म्हटलं. "मग हळू धाव," त्या म्हणाल्या. "श्वासाच्या पुढे पळतेस कशाला? त्याला मागे टाकून कुठे पोचायचंय तुला?"

जमलं. त्या पावसाळ्यानंतर मी अशी धावू लागले की माझं मलाच नवल वाटे. वजन उतरत गेलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, ब्लाउज आत घ्यावे लागले. आई फोनवर म्हणाली, फोटोत तू आजारी दिसतेस. मी हसले. मुंबईच्या अर्ध्या मॅरेथॉनसाठी नाव द्यायचं ठरवलं होतं आणि मला जमिनीवरून तरंगत गेल्यासारखं वाटायचं.

तो पहिल्यांदा ऐकू आला ती थंडीतली सकाळ होती. उजाडत होतं, गाढी नदीकडून धुकं येऊन रस्त्यावर पसरलं होतं, त्यामुळे खांब फक्त कमरेच्या वर दिसत होते. मी माझ्या लयीत होते. आणि माझ्या उजव्या खांद्याच्या जरा मागे कोणीतरी श्वास घेत होतं. दमलेल्या माणसाचा नव्हता तो. संथ, मोठा, जवळचा. कानाशी तोंड आणून घेतल्यासारखा.

मी वळून बघितलं. रस्ता रिकामा होता. गवत हलत नव्हतं.

मी परत धावायला लागले आणि तो परत आला. पावलांचा आवाज मात्र एकाच माणसाचा, माझा. मी वेग वाढवला, त्याने वाढवला. त्या सकाळी मी विचुंब्यापर्यंत कशी आले ते मला आठवत नाही. एक बाई दारात सडा घालत होती, तिला बघून थांबले आणि गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले. वाकल्याबरोबर तो नाहीसा झाला. सरळ झाले तर पुन्हा कानाशी.

मग ते रोजचंच झालं. धावायला लागल्यावर थोड्या वेळाने तो यायचा आणि घरी येईपर्यंत सोबत राहायचा. पुढे पुढे कॉलेजात फळ्यापुढे उभी असतानाही यायला लागला. मी बोलायला लागले की माझा आवाज डोक्यात घुमायचा, रांजणात बोलल्यासारखा. खाली वाकलं की जायचा. बाईंच्या वर्गात शवासनात पडले की एकदम शांत. पण उठून बसताना, डोकं सतरंजीवरून सुटता सुटता, तो असा परत यायचा की वाटे, हा इतका वेळ मी उठायची वाट बघत इथेच बसला होता.

नवऱ्याला सांगितलं. तो एका सकाळी स्कूटर घेऊन माझ्या मागे मागे आला. नव्या रस्त्यावर मी थांबले, म्हटलं, "आता बंद कर गाडी. ऐक. येतोय ना?"

तो मान तिरकी करून उभा राहिला. "कुठे काय? एक टिटवी ओरडतेय."

"आत्ता येतोय. आत्ता, तू बोलत असतानाही."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला आवडली नाही. त्याला माझी काळजी वाटत होती, आणि कर्नाळ्यावरच्या मुलींसारखी नव्हे.

बाईंना सांगायला मी कचरत होते. त्या म्हणतील, खूळ आहे. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू तुझा श्वास रोखून धरलास तर तो थांबतो का?"

हे मला सुचलंच नव्हतं. रसायनशास्त्र शिकवणारी बाई मी, आणि इतका साधा प्रयोग सुचू नये!

"आत्ता बघ. उभी राहा. कुंभक कर."

मी श्वास आत घेऊन धरला. कानातला श्वास थांबला. सोडला, त्यानेही सोडला.

"मग तुझाच आहे," बाई म्हणाल्या. "कानाच्या डॉक्टरला दाखव."

"आणि बाई, रोखल्यावर नाही थांबला तर?"

बाई सतरंजीची घडी घालत होत्या. म्हणाल्या, "तर पळू नकोस. उभी राहा आणि कोणाचा आहे ते बघ."

कानाचे डॉक्टर वयस्क होते आणि त्यांना माझी हकिकत ऐकून आनंदच झाला. नाकाच्या मागून कानात एक बारीक नळी जाते, म्हणाले, ती एरवी मिटलेली असते. झपाट्याने वजन उतरलं की तिच्याभोवतीची चरबी झडते आणि नळी उघडीच राहते. मग आपला श्वास आपल्यालाच वाऱ्यासारखा ऐकू येतो. झोपलं, वाकलं की रक्त चढून नळी मिटते, आवाज जातो. "थोडं खा. तूप खा. वजन वाढलं की बरं होईल."

नवरा येताना रस्ताभर हसत होता. "भूत तुपाने उतरणार!" मीही हसले. त्या रात्री शिरा झाला. पुढच्या धावण्याच्या वेळी श्वास आला तेव्हा मी मनात म्हटलं, ये बाबा, नळीतून ये. तरीही वळून बघायची सवय गेली नाही. आणि दर वेळी मी तो प्रयोगही करून बघायचे. चालत्या पावलांत श्वास रोखायचा, तो थांबला की पुढे जायचं. दाराला कडी लागली की नाही ते पुन्हा जाऊन बघतात तसं.

जानेवारीतला शनिवार होता. धुकं इतकं दाट की विचुंब्यातली कुत्री भुंकत होती पण दिसत नव्हती. नव्या रस्त्याला लागले तेव्हा माझ्यापुढे दोन खांबांइतकाच रस्ता होता, बाकी सगळं पांढरं. श्वास आला. मी थोडी त्याच्यासोबत धावले. मग सवयीने माझा रोखला.

तो थांबला नाही.

माझी पावलं थांबली. मी तोंडावर हात दाबून उभी राहिले, छाती भरून आलेली, आणि कानात तो चालूच होता. आज तो संथ नव्हता. तुटक, घाईचा, मधे मधे घरघर. मानेवरचे केस उभे राहतात म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. धावत घरी जावं असं प्रत्येक स्नायूला वाटत होतं. बाईंचं वाक्य आठवलं म्हणून मी थांबले असं म्हणणं सोपं आहे. खरं तर पाय उचलतच नव्हते.

दम संपला तशी मी श्वास सोडला. आता दोन होते. एक माझा, कानातला. दुसरा डाव्या हाताला, खाली.

रस्त्याच्या कडेला पावसाच्या पाण्यासाठी पक्कं गटार बांधलं होतं, अजून कोरडं. काठावर एक सायकल आडवी पडली होती, तिचं मागचं चाक वाकलेलं. मी गटारात डोकावले. आत एक माणूस पाठीवर पडला होता, डोळे उघडे. एक पाय नको त्या दिशेला वळलेला, डोक्याखालचं सिमेंट काळं झालेलं. त्याने मला बघितलं आणि ओठ हलवले.

मी खाली उतरले. "बोलू नका. मी आहे. काय लागलं?"

"डंपर," तो म्हणाला. "थांबला नाय."

माझ्याजवळ फोन नव्हता. धावताना तेव्हा मी फोन नेत नसे. मी अंगातलं स्वेटर काढून त्याच्यावर घातलं आणि म्हटलं, "मी गावातून माणसं घेऊन येते. हलू नका. आलेच."

त्याने माझा हात धरला. सोडवून घ्यावा लागला.

मग मी धावले. त्याआधी कधी तशी धावले नव्हते, नंतरही नाही. लय नाही, नाक नाही, काही नाही. गावात एकजण टेम्पोत भाजी भरत होता, त्याला ओरडून सांगितलं. टेम्पोवाला, त्याचा भाऊ आणि शेजारचे दोघे एक खाट घेऊन निघाले. मी पुढे वाट दाखवायला बसले होते आणि धुक्यात मला ती जागाच सापडेना. सगळे खांब सारखे. टेम्पो बंद करायला लावला. आम्ही सगळे गप्प राहिलो, आणि मग तो ऐकू आला.

आता तो शांत होता. लांब, सावकाश, बाहेर पडताना जास्त वेळ घेणारा. मला वाटलं, संपला हा. पण गटारात उतरलो तर तो शुद्धीवर होता, डोळे मिटून श्वास घेत होता. अगदी बाईंच्या वर्गात घ्यावा तसा. टेम्पोवाल्याने त्याला ओळखलं. गावातलाच होता, कंटेनर यार्डात कामाला. रात्रपाळी करून यायचा, कंपनीची बस हायवेला सोडायची, तिथून सायकलने घरी.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की बरगड्या मोडलेल्या असताना माणूस घाबरून धापा टाकतो आणि तेच अंगाशी येतं. हा निवांत राहिला म्हणून वाचला. मी मान हलवली. मी त्याला सोडून गेले तेव्हा तो निवांत नव्हता.

महिन्याभराने त्याच्या बायकोने निरोप पाठवला, घरी या. मी एका रविवारी दुपारी एकटीच गेले. नव्या बांधलेल्या घराच्या पडवीत तो खाटेवर पडला होता, पाय प्लास्टरमध्ये. बायकोने मला खुर्ची दिली, माझ्या शेजारी दुसरी एक रिकामी मांडली आणि आत चहा ठेवायला गेली. मला वाटलं, ती स्वतः बसणार असेल.

"बाय, तुमी देवासारख्या आल्या," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आनि ती दुसरी नाय आली?"

"कोण दुसरी?"

"तुमच्यासंगं व्हती ती. तुमी पलालात मानसं आनायला. ती माझ्यापाशी बसली."

मी म्हटलं, "मी एकटीच होते."

त्याने मान हलवली, लहान मुलाला समजवावं तशी. "नाय. बोलली नाय ती. तोंड पन नाय दिसलं, धुकं व्हतं. नुस्ती उशाला बसून श्वास घेत व्हती. मोठा. मला लय भ्या वाटत व्हतं ना, मग मी तिच्यासंगं घ्यायला लागलो. ती घेई तवा मी घेई. ती सोडी तवा मी सोडी. टेम्पो आला तवर."

बायको चहा घेऊन आली होती, दारातच थांबली होती. "डोक्याला मार हाय त्यांच्या," ती म्हणाली. "रोज ह्येच बोलतात." पण कप देताना तिने हळूच मला विचारलं, "खरंच कोन नव्हतं का, बाय?"

"नाही."

मी चहा पिऊन उठायला लागले तशी ती म्हणाली, "थांबा, दिष्ट काढते तुमची." आतून मूठभर मीठ आणि लाल मिरच्या आणल्या. मला बसवून माझ्यावरून मूठ उतरवली, पुटपुटत. मग एक पाऊल बाजूला सरकली आणि ती रिकामी खुर्ची होती तिच्यावरूनही, डोक्याची उंची धरून, तशीच सावकाश उतरवली. मिरच्या चुलीत टाकल्या. आम्ही तिघंही वाट बघत राहिलो. मिरच्यांचा ठसका कोणालाच लागला नाही.

बाईंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या गव्हातले खडे निवडत होत्या. ऐकताना हात थांबले नाहीत.

"त्याला विचारलंस, ती कशी दिसत होती?"

"तोंड दिसलं नाही म्हणाला."

"आणखी काही विचारलंस?"

"नाही."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "श्वास कोणाचा म्हणून विचारतो आपण. तो आपला असतो तरी किती वेळ? आत येतो, बाहेर जातो. पण तू तूप खात राहा."

त्या वर्षी मी स्पर्धेत धावले नाही. वजन हळूहळू भरलं, आई खूश झाली. पावसाळ्यापर्यंत कान बरा झाला. डॉक्टर म्हणाले होते तसंच. एके दिवशी धावून घरी आले, ओढणी घेऊन पाठीवर झोपले आणि लक्षात आलं की आज वाटभर पावलांशिवाय काहीच ऐकू आलं नव्हतं. सुटले, असं वाटायला हवं होतं. मी बराच वेळ तशीच छताकडे बघत पडून राहिले.

पुढच्या वर्षी बाईही गेल्या, मुलाकडे. मी निरोप द्यायला गेले तेव्हा खोली रिकामी झाली होती, सतरंज्या बांधून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. त्यांनी वाटीत मलिदा दिला, पोह्यांचा, गूळ-खोबरं घातलेला. म्हणाल्या, "या सतरंज्या तू ने. वर्ग तू घे. धावणाऱ्या बायका आता वाढतील बघ."

"मला कुठे सगळं येतं?"

"मला तरी कुठे येत होतं." मग माझ्या कानाकडे बघून म्हणाल्या, "येतो का अजून?"

"नाही."

"चुकल्यासारखं वाटतं?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या प्रार्थनेच्या हिब्रू भाषेत काहीतरी म्हटलं. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

वर्ग मी सोसायटीच्या हॉलमध्ये सुरू केला. धावणाऱ्या बायका खरंच वाढल्या. आम्ही घोळक्याने जातो, गप्पा मारत, प्रत्येकीच्या कमरेला फोन. अर्धी मॅरेथॉन मी पुढच्या थंडीत पुरी केली, फार हळू. नव्या रस्त्यावर आता इमारती झाल्या, खांबांवर दिवे लागले. तो माणूस बरा झाला. पाय थोडा आखूड राहिला, यार्डातलं काम गेलं, पण एका इमारतीच्या गेटवर त्याला नोकरी मिळाली. आम्ही जातो तेव्हा तो खुर्चीवरून उठतो आणि हात वर करतो. घोळक्यातल्या बायकांना वाटतं तो सगळ्यांनाच करतो.

कधी कधी मी एकटी असते. तेव्हाही तो उठतो, हसतो. हसताना तो माझ्याकडेच बघतोय ना, हे मी दर वेळी नीट पाहून घेते.